निळ्या रंगात घरं शोधणाऱ्यांसाठी

'हा बघा जुना सरकारी नकाशा, खोऱ्यात एकही घर नाही, तरी म्हणे धरणाने आदिवासी बुडवले!' हे फॉरवर्ड अमेरिकेतल्या गॅरिसन धरणाबद्दलचं. काल ते आमच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि चौघांनी अंगठे पण दिले, म्हणून लिहितोय.

नॉर्थ डकोटात मिसुरी नदीकाठी फोर्ट बर्थोल्ड रिझर्वेशन (आदिवासींसाठी राखीव प्रदेश) आहे, मँडन, हिदात्सा आणि अरिकारा लोकांचं. आता तो 'जुना' नकाशा जरा झूम करा. मधोमध एवढा मोठा निळा पट्टा दिसतोय ना? तो लेक साकाकावीया, म्हणजे धरणाचाच जलाशय! धरण 1953 मध्ये झालं, म्हणजे नकाशा त्यानंतरचा, आणि घरं कुठे होती तर त्या निळ्याच्या खाली. सर्वेचं साल नकाशाच्या शीटच्या खालच्या समासात छापलेलं असतं, नेमका तोच भाग कापलाय. उद्या शिवसागर जलाशयाचा आजचा नकाशा दाखवून म्हणा, कोयनेच्या खोऱ्यात गावंच नव्हती.

आणि पाण्याबाहेरचा पांढरा भाग म्हणजे 'ओसाड'? अहो, या शीटवर हिरवा म्हणजे झाडी, पांढरा म्हणजे झाडी नाही एवढंच, तिथे शेत असेल, कुरण असेल. घरं म्हणजे बारीक काळे चौकोन. ते बघायचे तर धरणाआधीची शीट काढा, यूएसजीएसच्या (नकाशे काढणारी अमेरिकन सरकारी संस्था) टोपोव्ह्यू साइटवर जुन्या शीट फुकट मिळतात.

पुढचं, 'त्यांनी खुशीने जमीन विकली.' 20 मे 1948 चा, जमीन देण्याच्या करारावर सही होतानाचा फोटो बघा, आदिवासी कौन्सिलचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट एका हाताने चेहरा झाकून रडतायत. जड अंतःकरणाने सही करतोय, असं ते तेव्हाच बोलले होते. सुमारे 1,52,000 एकर गेली, तीही नदीकाठची सगळ्यात सुपीक, 325 च्या आसपास कुटुंबं उठली. ही कसली खुशी?

'पैसे मिळाले', हो, मिळाले, 1 कोटी 26 लाख डॉलर. पण ते पुरेसे होते तर 1992 ला अमेरिकन संसदेने आणखी 14.92 कोटी का मंजूर केले? धरणाने वीज दिली, पूर अडवला, तेही खरं, पण खोऱ्यात माणसं नव्हती हे त्यावरून कसं ठरतं?

राहिलं 'नवीन गावात सगळ्या सोयी दिल्या'. एल्बोवुड्स गावातलं हॉस्पिटल पाण्याखाली गेलं, मग वर्षानुवर्षं छोट्या दवाखान्यावर भागवलं, आणि त्याच गावाच्या नावाचं मोठं आरोग्यकेंद्र उघडलं ते थेट 2011 मध्ये.