मीटरसमोर पाच मिनिटं

आमच्या नागपूरच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मे महिन्याचं विजेचं बिल आलं की दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. एक काकाजी लिहितात, "नवा मीटर लयच पळून राहिला." दुसरे शेजारच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या राखेबद्दल लिहितात: कोळसा आमचा, धूर आमचा, ऊन आमचं आणि वीज मुंबई-पुण्याला. तिसरं कुणी सॉकेटमध्ये खोचायच्या 'वीज बचत यंत्रा'ची जाहिरात पाठवतं. चार दिवसांनी बिल भरलं जातं आणि घरातली एकही वस्तू जागची हललेली नसते. मला याचा राग येतो. जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये बसून राग आलेला कुणाला आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

राखेचा मुद्दा खोटा नाही. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच, शेजारी खापरखेडा 1340 मेगावॅटचं, आणि नागपूरकराला दर तोच जो औष्णिक केंद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्या महावितरणच्या ग्राहकाला. यावर भांडायलाच हवं. पण ते भांडण जिंकायला वर्षं लागतील आणि बिल दर महिन्याला येतं.

आता मीटर. 2024 साली प्रीपेड स्मार्ट मीटरवरून नागपुरात आंदोलनं झाली, सामान्य ग्राहकाला प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं, मग पोस्टपेड टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर वेगळा मोजणारे) मीटर लागू लागले आणि 'पळतो'ची तक्रार पुन्हा सुरू झाली. या सगळ्या वादात मीटर वाचलेला माणूस मला क्वचित दिसला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच घरगुती मीटरवर 3200. म्हणजे 3200 लुकलुकी झाल्या की एक युनिट. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि 1125 ला त्यानं भागा. उत्तर येतं ते त्या क्षणी घरात चालू असलेले वॅट. तीन सेकंद असतील तर 375 वॅट. आकडा 1600 असेल तर 2250 ला भागायचं.

मीटर पळतो की नाही हे बघायचं तर घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. मग बादलीभर पाण्यात हजार वॅटचा रॉड लावा. इस्त्री चालणार नाही, तिचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो. मिनिटाला 53-54 लुकलुकी यायला हव्यात. व्होल्टेज 210 असेल तर रॉडच 830 वॅटच्या आसपास ओढेल आणि 44-45 येतील. तो मीटरचा दोष नाही आणि मेहेरबानीही नाही. व्होल्टेज नीट असताना 65 च्या वर गेल्या तर खुशाल अर्ज करा. शुल्क भरून मीटर तपासून मागता येतो. असा आकडा हातात घेऊन गेलेल्या माणसाला कुणी उडवून लावू शकत नाही.

खरी गोम बहुतेक वेळा दुसरीकडे निघते. रॉड काढला, सगळी बटणं बंद, तरी दिवा लुकलुकतोच आहे. नागपुरातल्या महाल-इतवारीच्या जुन्या घरांत, जिथे वरचा मजला भाड्यानं दिलेला असतो, तिथे वायरमननं कधीकाळी दोन मीटरचे न्यूट्रल (करंट परत जाण्याच्या तारा) एकत्र जोडून दिलेले असतात. जुना चकतीचा मीटर फक्त फेजचा करंट मोजायचा, त्यामुळे हे लपून राहिलं. आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि फरक दिसला की जो जास्त तो धरतात. भाडेकऱ्याचा न्यूट्रल करंट तुमच्या मीटरमधून परत जात असेल तर त्याचा कूलर तुमच्या बिलात. अशा वेळी मीटरवरचा 'EARTH' लिहिलेला दिवाही बऱ्याचदा पेटलेला असतो. दोन्ही न्यूट्रल सोडवून वेगळे करणं हे चांगल्या वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ग्रुपवर पंधरा वर्षं घातली तरी ते होणार नाही.

ते सॉकेटमधलं यंत्र उघडलंत तर आत एक कपॅसिटर आणि एक एलईडी सापडेल. कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर सुधारतो, करंट थोडा उतरलेला दिसतो, म्हणून विकणारा क्लॅम्प मीटर लावून दाखवतो. घरगुती बिल मात्र किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटांवर येतं आणि ते तसूभरही हलत नाही.

आणखी एक गैरसमज, जो शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात: तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग दरानं लागतात. नाही. पहिली 100 पहिल्या दरानं, 101 ते 300 दुसऱ्या, त्यापुढची त्यापुढच्या. पण यातूनच खरी गोष्ट निघते: तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महागड्या थरातलं असतं. शंभराच्या वरचं युनिट वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क धरून दहा रुपयांच्या वरच पडतं. सरासरी दरानं हिशेब करणारा माणूस म्हणूनच म्हणतो, 'पंखे बदलून काय होतंय.'

बघू काय होतं. जुना पंखा 75 वॅट, नव्या ब्रशलेस मोटरचा (बीएलडीसी) 30 च्या आसपास. फरक 45 वॅट. चार पंखे, दिवसाला 14 तास: अडीच युनिट, महिन्याला 75. नागपुरात पंखा वर्षातले आठ महिने तरी फिरतोच. तीन हजारांचा पंखा धरला तर चारांचे पैसे दोन वर्षांत वळते होतात. बसवताना एक चूक हमखास होते: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच राहतो. बीएलडीसीच्या सर्किटला कापलेला सप्लाय सोसत नाही, पंखा गुणगुणतो आणि वर्षभरात सर्किट जातं. रेग्युलेटर काढून तार थेट जोडायची, वेग रिमोटनं.

आणि कूलर. एसी घेतला म्हणून गच्चीत गंजत ठेवलेला लोखंडी कूलर बघितला की मला हळहळ वाटते. नागपूरच्या एप्रिल-मेच्या हवेइतकी कूलरला मानवणारी हवा थोडीच असेल. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, 23 च्या आसपास येतं; ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या वुडवूलच्या जाळ्या) चांगल्या असतील तर कूलर 28-29 ची हवा देतो. मोटर आणि पंप मिळून 200 वॅट धरा, सोळा तासांचे सव्वातीन युनिट. दीड टनाचा एसी त्याच उन्हात दहा तासांत दहा युनिट सहज खातो.

'आमचा कूलर थंडच करत नाही' म्हणणाऱ्या दहापैकी नऊ घरांत खिडक्या बंद असतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट हवी, निदान खिडकीचा एक पल्ला. वाट नसेल तर खोलीतली ओल चढत जाते, अंग चिकट होतं आणि माणूस एसीच्या दुकानात जातो. दुसरं कारण ताट्या. वुडवूल दाबून दाबून भरलं की हवा ओढली जात नाही. विरळ भरलं की मध्ये कोरडी भोकं पडतात आणि गरम झोत थेट आत येतो. पंप चालू असताना ताटीवर हात फिरवा, कोरडा पट्टा लगेच हाताला लागतो. त्या पट्ट्याच्या वरचं पन्हाळीचं छिद्र क्षारानं बुजलेलं असतं, सुईनं मोकळं करा. बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, नुसती भर घालत राहू नका, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतो. मोटर हळू फिरत असेल तर मोटर बदलण्याआधी कपॅसिटर बदलून बघा. स्वस्तातलं काम आहे. आणि कूलरच्या खोलीत एसी लावू नका: एसीला आधी ती सगळी ओल पिळून काढावी लागते. जूनच्या मध्यात पाऊस आला की कूलरचं काम संपलं, तेव्हा एसी लावा, 26 वर, पंख्यासोबत. एक अंश वर चढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) सांगतो. धुळीच्या दिवसांत जाळी दर पंधरवड्याला धुवा, आणि बाहेरच्या युनिटला चोरीच्या भीतीनं केलेला पत्र्याचा डबा काढून टाका, तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो.

जून 2025 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी एसी 20 ते 28 अंशांतच चालतील असं सांगितलं तेव्हा ग्रुपवर 'सरकार आता बेडरूममध्ये घुसलं' असा सूर होता. इथे जर्मनीत 2022 च्या हिवाळ्यात सरकारी कार्यालयांतलं हायझुंग, म्हणजे खोल्या तापवणं, 19 अंशांवर आणलं. ऑफिसात लोक स्वेटर घालून बसले. तक्रार त्यांनीही केली, पण घरी जाऊन आकडा लिहून ठेवला. माझ्या इमारतीच्या केलरमध्ये (तळघरात) अजून काळा चकतीचा मीटर आहे, 75 फेऱ्यांचं एक युनिट, स्मार्ट वगैरे काही नाही. तरी प्रत्येक बिऱ्हाडाला आपला वार्षिक आकडा तोंडपाठ असतो, कारण आब्श्लाग (दरमहा भरायचा अंदाजे हप्ता) चुकला तर नाखत्साहलुंग (वर्षाअखेरची फरकाची वसुली) येते आणि एका पत्रात चारशे युरो जातात. युनिटला 38 सेंट देणारा माणूस मीटरला शिव्या देत बसत नाही.

हे लिहिलं आणि लगेच कळतं की तुलना मी माझ्या सोयीची केली आहे. इथल्या घरात एसी नाही, कूलर नाही, आणि ऊन तापलं तर रोलाडेन (खिडकीबाहेरची गुंडाळती झडप) सकाळी आठला खाली. पण त्यातली एक गोष्ट नागपूरला तशीच लागू पडते: ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. आतला जाड पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी, भिंतीपासून वीतभर लांब. आपल्याकडे वाळ्याचे पडदे बाहेरच्या पडवीलाच लावायचे, आतल्या खोलीला नाही. हे ज्ञान आमचंच होतं. ते मला इथे रोलाडेनची पट्टी ओढताना आठवलं, याचं वाईट वाटतं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी फेब्रुवारीत स्लॅब पांढरा करावा. आधी गच्ची घासून धुवायची, भेगा भरायच्या, पूर्ण वाळू द्यायची, मग चुना, पांढरं सिमेंट आणि थोडा फेव्हिकॉल कालवून दोन हात. धुळीवर मारलं तर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात. दरवर्षी करावं लागतं, पण रात्री दहाला आढ्याला हात लावून बघा, फरक कळतो.

बाकीचं थोडक्यात. गिझर 50-55 अंशांवर, आंघोळीच्या आधी चालू, मग बंद. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे. दारात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर गॅस्केट गेलं. सेट-टॉप बॉक्स रिमोटनं 'बंद' असताना दहा वॅट खात असेल तर महिन्याला सात युनिट. लोडशेडिंगच्या काळात घेतलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली की कधी भरतच नाही, चार्जर दिवसरात्र चालतो आणि रोजचं एखादं युनिट गिळतो. दिवसभर वीज गेलेली नसतानाही बॅटरी हाताला गरम लागते ती हीच. पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पाणी चढायच्या आधी मोटर कोरडी फिरते, सील जळतं. टाकीला फ्लोट स्विच लावा. आणि टीओडी मीटर लागलाच असेल तर 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या युनिटला 80 पैसे ते 1 रुपया सूट लागू झाली. पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री त्या वेळेत घ्या. ज्या मीटरवर राग आहे त्याच्याकडून निदान एवढं तरी वसूल करा.

एवढं झाल्यावर सोलर. प्रधानमंत्री सूर्यघरचं अनुदान 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60, 3 आणि पुढे 78 हजार. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं. आधी घराचा वापर उतरवला तर तीनाऐवजी दोन किलोवॅट पुरतात. उलट क्रमानं करणारे गळक्या टाकीला मोठा नळ लावतात.

'तू तिकडे थंडीत बसून आम्हाला शिकवतो' हे मला ग्रुपवर लिहून आलेलं आहे, आणि खरं आहे. 46 अंशांत दुपारी तीनला एसीचं बटण दाबणाऱ्याला मी कोण अडवणार? पण इथला माझा त्सेलरनुमर (मीटर क्रमांक) मला दरवेळी कागदावर बघावा लागतो, आणि नागपूरच्या घराचा बारा आकडी ग्राहक क्रमांक झोपेतून उठवलं तरी सांगेन. बिल तिकडे छापलं जातं तेव्हा मी इथे अॅप उघडून युनिटं बघतो, गेल्या मे महिन्याशी ताडून बघतो. त्या घरात माझा एकही पंखा फिरत नाही, तरी बिल मला माझंच वाटतं. म्हणून हे लिहिणं थांबत नाही.

काकाजी, आज रात्री जेवणं झाली की सगळं बंद करून मीटरसमोर मोबाइल धरा आणि मिनिटभराचा व्हिडिओ काढा. आधी सगळं बंद असताना, मग रॉड लावून. मीटरवर छापलेला आकडा दिसू द्या. ग्रुपवर टाका, भागाकार मी इथून करतो.