दाजींची पीयूसी आणि बाबांची झेरॉक्स

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस एकच विषय चालू आहे. दाजी कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून गोव्याला निघाले. हद्द ओलांडून थोडं पुढे जातात तोच पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पीयूसीची मुदत संपलेली निघाली आणि ‘पावती करू की तसंच मिटवायचं?’ यावर पाऊण तास गेला. एमएच ०९ दिसलं की हात वर झालाच, असं दाजींचं म्हणणं. तिथवर ठीक होतं. पण शेवटी त्यांनी लिहिलं, "नाहीतर युरोप बघा! एका देशातून दुसऱ्यात शिरलं तरी कळत नाही. विचारा आमच्या मेहुण्याला."

मेहुण्याला कुणीच विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे, पीयूसी संपली होती ना? मग? मी अकरा वर्षं म्युनिकमध्ये राहतोय. गाडी चुकीच्या जागी लावली तर घरी पत्र येतं, पैसे भरायचे, विषय संपला. विग्नेट, म्हणजे टोलचा स्टिकर, न घेता शेजारच्या ऑस्ट्रियाच्या हायवेवर चढलात तर सापडलातच. हद्दीपासून कुफस्टाइन गावापर्यंतचा तुकडा २०१९ च्या डिसेंबरपासून मोकळा केलाय, तेवढाच काय तो दिलासा. हे सगळं मी दाजींना दर खेपेला ऐकवतो. ऐकवताना बरं वाटतं, हेही कबूल करतो.

पण ‘कळत नाही’ हे साफ खोटं. युरोपातल्या देशांमधली हद्दीवरची तपासणी काढणारा शेंगेनचा करार १९८५ चा, आणि ऑस्ट्रिया-जर्मनी हद्दीवरचे नाके उठले १९९८ मध्ये. २०१५ च्या सप्टेंबरात निर्वासित येऊ लागले तशी जर्मनीने याच हद्दीवर तात्पुरती तपासणी सुरू केली. मुदतवाढ मिळत मिळत ती तात्पुरतीच राहिली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात जमिनीवरच्या बाकीच्या सगळ्या हद्दींवरही आली. शिवाय म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात १९९५ पासून, हद्दीलगतच्या ३० किलोमीटरच्या पट्ट्यात, काहीही संशय नसताना पोलीस कुणालाही थांबवून कागद मागू शकतात.

कुणालाही म्हणजे कुणाला, ते सांगतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर आले होते. बायर्न-टिकट, म्हणजे बव्हेरियाचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, काढून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला गेलो. संध्याकाळी परतीच्या गाडीने हद्दीवरची झालाख नदी ओलांडली आणि जर्मनीतल्या फ्राइलासिंग स्टेशनला दोन पोलीस डब्यात चढले. सायकली घेऊन उभे असलेले, कुत्रं घेतलेली बाई, बिअरच्या बाटल्या घेऊन बसलेली पोरं, सगळ्यांना ओलांडून ते सरळ आमच्यापुढे आले. "आउसवाइस, बिटे." म्हणजे ओळखपत्र दाखवा.

बाबांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स. प्रत्येक पानावर निळ्या शाईत ‘सत्यप्रत’ आणि खाली लपेटेदार सही. मूळ पासपोर्ट म्युनिकला कपाटात, "प्रवासात हरवायला नकोत" म्हणून. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. सही केलेली झेरॉक्स कुणी नाकारेल हे त्यांच्या डोक्यातच येईना. त्यांनी फोल्डर पुन्हा उघडून सहीवर बोट ठेवून दाखवलं. माझ्याकडे रेसिडेन्स कार्ड होतं, पासपोर्ट नव्हता, आणि नियमाने तोही लागतो. म्हणजे पीयूसी आमचीही संपलेलीच होती.

आम्हाला खाली उतरवलं. गाडी निघून गेली. त्यातला एक पोरगा बाविशीचा असेल. एक शब्द वावगा बोलला नाही, पैशाबिशाचा तर प्रश्नच नाही. आई बाकावर पर्स मांडीशी घट्ट धरून बसली आणि येणारे-जाणारे बघत राहिले. पन्नास मिनिटांनी कॉम्प्युटरवर व्हिसे सापडले, "शोनन आबेंड", शुभ संध्याकाळ, म्हणून सोडलं. बाबा त्या पोराला तीनदा "थँक्यू सर" म्हणाले.

असंच एक प्रकरण २०१२ मध्ये जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयात गेलं होतं. तोही रेल्वेतलाच प्रवासी, एक विद्यार्थी. नुसता कातडीचा रंग बघून कागद मागणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. प्लॅटफॉर्मवर उभा असताना मला हे माहीत होतं. "अख्खा डबा सोडून आमच्याकडेच का?" एवढं जर्मन मला येतं, बी-टू पातळीचं सर्टिफिकेट आहे. मी नाही विचारलं. मीसुद्धा "फीलेन डांक", खूप आभार, म्हणालो.

आणि दाजी पाऊण तास भांडले! डिजिलॉकरमधले कागद २०१८ पासून चालतात म्हणाले, साहेबांना फोन लावा म्हणाले. दाजी मराठीत, हवालदार कोकणीत, दोघांचाही आवाज चढलेला. शेवटी हवालदाराचा कुणी पाव्हणा सावंतवाडीचा निघाला आणि रीतसर पावतीवर मिटलं. या सगळ्यात हा माणूस आपल्याला परत पाठवेल, असं दाजींच्या मनातही आलं नाही. का येईल? घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशभर फिरायची मुभा त्यांच्या खिशात आहे, ते कलम त्यांनी वाचलेलं नसलं तरी. लोकांना त्यांच्या मेसेजमध्ये संताप दिसला. मला त्या पाऊण तासाचा हेवा वाटला.

बरं, मी तिकडे तरी भांडतो का? गेल्या खेपेला कोल्हापुरात दाजींची गाडी मी चालवत होतो, सिग्नलला अडवलं. मी काच खाली केली, लायसन्स पुढे धरलं आणि गप्प बसून राहिलो. मागच्या सीटवरून दाजी ओरडले, "अरे, बोल की काहीतरी!"

फ्राइलासिंगची गोष्ट ग्रुपवर कुणालाच माहीत नाही. त्या दिवशीचे फोटो मात्र आहेत. मिराबेल बागेत आई, किल्ल्यापुढे बाबा, छान ऊन पडलेलं. काल बाबांनी दाजींच्या त्या युरोपवाल्या मेसेजखाली लिहिलं, "अगदी बरोबर. तिकडचे पोलीस फार सभ्य."

मी अंगठा टाकला.