पासपोर्टवरचं पदक? एका प्रतिक्रियेला उत्तर

इटलीने वेढलेल्या सॅन मरिनो या चिमुकल्या देशाच्या ऑलिंपिक पदकांवरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी नाव न देता प्रतिक्रिया लिहिली आहे. ती आधी इथे देतो, म्हणजे मी काही लपवलं असं कुणी म्हणायला नको:

"उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना भारताला कमी लेखायला निमित्तच लागतं. लोकसंख्येने पदकांना भागून काय सिद्ध होतं? नेमबाजी हा पैसेवाल्यांचा खेळ. कुस्तीचं पदक तर मिशिगनच्या अमेरिकन पोराने पासपोर्टवर मिळवलेलं. आणि पॅरिसमध्ये शून्य मिळालं, ते का नाही लिहिलं?"

साहेब, मतभेद असू द्यात. पण 'उंटावरून शेळ्या' कशासाठी? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. एवढा मोठा लेख वाचून पहिलं वाक्य जर माझ्या लायकीवर येत असेल, तर मुद्दा मांडायचा होता की राग काढायचा होता? भारताला कमी लेखणारं एक वाक्य त्या लेखातून काढून दाखवा. नाही सापडणार, कारण लेख भारतावर नव्हताच. दुसऱ्या कुणाचं कौतुक केलं की तो आपला अपमान, हे तुम्ही कुठून आणलंत?

पॅरिसचं म्हणाल तर ते खरं आहे. २०२४ मध्ये सॅन मरिनोला एकही पदक मिळालं नाही. लेख टोकियो ऑलिंपिकवर होता, तरी ती ओळ आता खाली जोडली आहे. भागाकाराच्या वादात मला रस नाही. चौतीस हजारांच्या आसपास वस्तीने एखाददुसऱ्या पदकाला भागलं तरी आकडा मोठाच दिसणार, ते शाळकरी मुलालाही कळतं. आणि पैसेवाल्यांचा खेळ म्हणून नेमबाजी निकालात काढायची, तर आपलीही बरीच पदकं निकालात निघतील. ते तुम्हाला चालेल का?

आता पासपोर्ट. हे वाक्य मला लागलं, म्हणून यावर सविस्तर.

तुम्ही म्हणता तो पोरगा, कुस्तीगीर मायल्स अमीन, मिशिगनचा आहे, तिथल्या विद्यापीठातून कुस्ती खेळला. त्याच्या ८६ किलो गटात अमेरिकेचा डेव्हिड टेलर होता, ज्याने टोकियोत सुवर्ण घेतलं. हे सगळं मला माहीत आहे. पण सॅन मरिनोशी त्याचं नातं आईकडून आलेलं आहे. त्या देशातून गेलेल्या कुटुंबांची डेट्रॉइटच्या परिसरात जुनी वस्ती आहे. हे नागरिकत्व रक्तातून आलेलं आहे, ते कुणी बाजारात विकत घेतलेलं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात आजी-आजोबांच्या नात्याने पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेली कितीतरी घरं आहेत. त्यांना तुम्ही तोंडावर खोटे म्हणणार का?

आणि ऑलिंपिकची जागा त्याला कुणी आंदण दिली नव्हती. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत पाचवा येऊन त्याने ती मिळवली, त्याच गटात आपल्या दीपक पुनियाने रौप्य घेतलं होतं. पुढे ५ ऑगस्ट २०२१ ला कांस्यपदकासाठी गाठ पडली ती याच दोघांची. शेवटची काही सेकंदं उरेपर्यंत दीपक पुढे होता. अमीनने तेवढ्यात ताबा घेतला आणि निकाल ४-२ लागला. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मीही भारतीयच आहे. पण दम संपत आलेला असताना, हरत असताना, शेवटच्या क्षणी आत घुसणं काय असतं हे ज्याने अंगावर घेतलं आहे, तो त्या पोराला 'पासपोर्टवाला' म्हणणार नाही.

मी अंगावर घेतलं आहे. कोल्हापुरातल्या तालमीत माझं लहानपण गेलं. हौद्यातली माती कानात गेलेली असायची आणि वस्तादांचा आवाज घरी आल्यावरही ऐकू यायचा. खांद्याने साथ सोडली म्हणून मला लंगोट सोडावा लागला. आमच्या शेजारी हरियाणाचे पैलवान राहायचे, कर्नाटकातले तर कितीतरी. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. कोल्हापूरने त्यांना आपलं म्हटलं, तेव्हा कुणी त्यांचा दाखला मागितला होता का? तालीम पैलवानाला विचारते ते एकच, सकाळी जोर मारायला येणार का.

एवढ्या सगळ्यात तुम्ही जिचा उल्लेखही केला नाहीत ती सॅन मरिनोची नेमबाज अलेस्सांद्रा पेरिल्ली. तिचाही जन्म सॅन मरिनोतला नाही, डोंगराखालच्या इटलीतल्या रिमिनीचा आहे; हवं तर हेही तुमच्या बाजूने लिहून घ्या. लंडनला २०१२ मध्ये ट्रॅपच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या बंदुकीने टिपण्याच्या, अंतिम फेरीत तिघींचे गुण सारखे झाले, पदकं दोनच होती, आणि बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीत, शूट-ऑफमध्ये, हीच बाहेर पडली. चौथी. १९६० पासून ऑलिंपिकला जाणाऱ्या देशाचं पहिलं पदक तिथे हुकलं. नऊ वर्षं ती बंदूक उचलत राहिली. २९ जुलै २०२१ ला कांस्य, दोन दिवसांनी जियान मार्को बेर्तीबरोबर मिश्र गटात रौप्य. पाच जणांचं पथक, त्यातले तिघे पदक घेऊन परतले. माझ्या लेखाचा गाभाच ही बाई होती. तुम्ही तिला सोडून पासपोर्ट धरून बसलात.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नावानिशी लिहा आणि लंडनच्या त्या शूट-ऑफबद्दल बोला. पुढचा लेख लिख्टेनश्टाइन या युरोपातल्या आणखी एका चिमुकल्या देशाच्या दहा ऑलिंपिक पदकांवर आहे, सगळी स्कीइंगमधली. त्यात दोन सुवर्णं मिळवणारी हानी वेन्झेल जर्मनीत जन्मलेली आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.