रिकाम्या खुर्चीला पगार लागत नाही

साहेब, जिल्ह्याला रुजू झालात, अभिनंदन! आता खान्देशात कृषी खात्याची माणसं कशी वापरायची, तेवढं ऐकून ठेवा.

पहिलं म्हणजे पदं भरायची घाई नको. रिकामी खुर्ची रजा मागत नाही, संपावर जात नाही, आणि तिची गावं शेजारच्या कृषी सहायकाच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून घालता येतात. भरती झालीच, तर पोरगा कृषी सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर येईल. फार बोलका निघाला तर सातपुड्यातलं शेवटचं गाव द्या. टायपिंग चांगलं असेल तर मात्र सोडू नका, प्रतिनियुक्तीवर कचेरीतच बसवा. कागदावर त्याचं गाव भरलेलंच दिसतं.

कुरकुर वाढली तर नाव बदलायचं. 2025 मध्ये कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. अधिकारी झाला म्हटल्यावर मोटारसायकलीत पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालायला माणसाला काय वाटणार?

मग त्याचा दिवस भरून काढा. सकाळी व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, दुपारी महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरच्या अर्जांची छाननी, संध्याकाळी माहिती 'आजच, निरंक असली तरी'. मधल्या वेळेत ठिबकची मोका तपासणी, म्हणजे शेतात जाऊन पाहणी, तीही जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हे त्याला पाठ असतं. पण पतंग मोजणार कोण? व्हीसीत हजेरी लागते, सापळ्यात लागत नाही.

एवढं करूनही एखादा बांधावर पोचतोच. पारोळ्याकडे मी स्वतः पाहिलंय. शेतकऱ्याने, आप्पांनी, कपाशीची डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, तोडून आणली, पाकळ्या उकलल्या, आत बारीक अळी. सहायक म्हणाला, "आप्पा, जरा वर धरा, तोंड पण येऊ द्या." रेंज जाई, लोकेशन चढेना. आप्पा बांधावर चढले, मग विहिरीच्या कठड्याजवळ गेले, डोमकळी तशीच वर धरून. चौथ्या खेपेला फोटो गेला.

"व्हई गया ना भाऊ फोटो? आते फवारू काय, ते सांग."

तोवर त्याला कचेरीतून फोन आला होता. आप्पांच्या प्रश्नाचं तुम्ही मनावर घेऊ नका, साहेब. अहवालात तसा रकाना नाही.