शुगरवाल्यांनी म्हणे गुडाखू घासावा!

‘शुगर पेशंटनी नक्की वाचा, दहा जणांना पाठवा’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या लाखांदूर-अर्जुनीकडच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. रक्तातली साखर दातातलं कॅल्शियम ओढून घेते, म्हणून दात आतून पोकळ होतात. हलणारा दात काढायचा नाही, जखम भरत नाही आणि माणूस दगावतो. रोज दोनदा गुडाखू घासला की हिरड्या आवळतात. आणि कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या की दात पुन्हा टणक होतात.

मी आधी हसून सोडून दिलं होतं. पण माझ्या मोठीआईनं ठरलेला दवाखाना रद्द केला. “दात काढला तं जखम भरत नाई म्हणते. मोबाईलवर आलं हाये ना,” असं तिचं म्हणणं. वर गुडाखूची डबीही मागवली. आता गप्प बसणं शक्य नाही.

तर आधी गुडाखूच घेऊ. त्यात असतं काय? तंबाखू, गुळाची मळी, चुना आणि लाल माती. म्हणजे शुगरच्या बाईच्या चहातली साखर आपणच काढायची आणि तिच्याच हिरड्यांना गुळात कालवलेली तंबाखू चोळायला सांगायची! घासल्यावर बरं वाटतं, हे मान्य. निकोटिनची तल्लफ भागते, ठणका जरा बधिर होतो. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येणं कमी होतं आणि लोकांना वाटतं हिरडी आवळली. अहो, हिरडीतून रक्त येणं ही तर हिरडीच्या रोगाची पहिली खूण. तीच झाकली जाते आणि खाली दात धरून ठेवणारं हाड झिजत राहतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंड न उघडणारी माणसं गावोगावी दिसत असताना हे लिहायची हिंमत होते कशी?

दात काढण्याची भीती मात्र निव्वळ थाप नाही. शुगर फार वाढलेली असताना जखम उशिरा भरते, पू धरण्याची शक्यताही वाढते. म्हणून आधी शुगर तपासायची, डॉक्टरला गोळ्या-इन्सुलिन सांगायचं, ठरल्या वेळी जेवण आणि औषध चुकवायचं नाही. शुगरची तपासणी उपकेंद्रातही होते. शुगर आटोक्यात असेल तर दात काढता येतो. सडका दात तोंडात ठेवणं मात्र धोक्याचं, कारण तोंडातला जंतुसंसर्ग शुगर आणखी चढवतो.

हे मी मनाचं सांगत नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०२२ साली ३५ अभ्यास, म्हणजे तीन हजारांहून जास्त मधुमेही रुग्ण, एकत्र तपासले. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी ०.४३ नं उतरलं. म्हणजे ८.४ असेल तर आठच्या आसपास. दातांच्या डॉक्टरकडं जाऊ नका म्हणणाऱ्यानं हा आकडा पाहावा.

दात ‘पोकळ’ होण्याचं काय? अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात मधुमेही उंदरांच्या दातांचं वरचं कवच, इनॅमल, बाराव्या आठवड्यापर्यंत निरोगी उंदरांपेक्षा मऊ झालेलं दिसलं. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, आपले नाही. आणि आपल्या इनॅमलमध्ये रक्तवाहिनीच नसते, मग रक्त त्यातलं कॅल्शियम ओढणार कुठून? माणसात बहुतेक वेळा दाताची मेढ शाबूत असते, तिच्या बुडाची जमीन, म्हणजे हिरडी आणि हाड, खचते. वाढलेल्या शुगरमुळं हिरडीची जंतूंशी लढायची ताकद कमी होते, हाड झिजतं, दात हलतो. दुसरीकडं लाळ आटते. तोंडातलं आम्ल निवळून दाताला कॅल्शियम परत देणारी हीच लाळ. त्यात हिरडी उतरली की दाताची मुळं उघडी पडतात, त्यांवर इनॅमल नसतं, म्हणून ती भराभर किडतात.

राहिल्या कॅल्शियमच्या गोळ्या. हाडांसाठी डॉक्टरनं दिल्या असतील तर जरूर घ्या. पण पोटात गेलेलं कॅल्शियम पूर्ण वाढलेल्या दातात जाऊन बसत नाही. त्या पैशात फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश येतो, आणि दोन्ही किराणा दुकानात मिळतात.