फडातल्या भांडणात खून झाला तर केस टिकत नाही?

ऊसतोडीच्या फडात उचलीवरून, म्हणजे मजुराने आगाऊ घेतलेल्या पैशावरून, भांडण होतं, त्यात मजूर मारला जातो, आणि खटला उभा राहायच्या आत एक मजकूर बीड, केज, धारूरकडच्या मोबाइलवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: कामावरच्या भांडणात रागाच्या भरात माणूस गेला तर कायदा त्याला खून धरत नाही. मजुराच्या अंगावर उचल बाकी असेल तर मुकादमाची, म्हणजे उचल देऊन टोळी आणणाऱ्याची, बाजू भक्कम. आरोपीला जामीन झाला की केस गेली. साक्षीदार फितूर होतातच. म्हणून चार माणसांत बसून पैसे घ्या आणि केस मागे घ्या. ज्या घराला हा सल्ला मिळतो तिथला कमावता माणूस गेलेला असतो. त्या घरासाठी हे लिहितो आहे.

रागाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी कायद्याच्या, कलम १०१ मध्ये खुनाला अपवाद आहेत. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाली, किंवा आधी काही न ठरवता एकाएकी मारामारी जुंपली, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरू शकतो. पण मारामारीच्या अपवादालाही अटी आहेत: आरोपीने गैरफायदा घेतलेला नसावा, क्रूरपणे वागलेला नसावा. फडात प्रत्येकाच्या हातात कोयता असतोच, म्हणून नुसत्या कोयत्यावरून कट सिद्ध होत नाही, हे खरं. मात्र सकाळी हिशेबावरून वाद झाला आणि रात्री चौघे मजुराच्या कोपीवर (झोपडीवर) चालून आले, तर तिथे ‘अचानक’ काय उरलं? मधल्या वेळेला फार महत्त्व आहे. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिलं: चिथावणी मिळाल्यावर आरोपी जहाजावर गेला, रिव्हॉल्वर घेतलं, मग गोळ्या झाडल्या. राग निवायला वेळ होता, म्हणून खुनाची शिक्षा कायम राहिली. आणि समजा अपवाद लागू झाला, तरी आरोपी मोकळा सुटत नाही. जीव घेण्याचा हेतू असेल तर कलम १०५ खाली जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं कैद आहे. खुनाला कलम १०३ खाली जन्मठेप किंवा फाशी. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लागतं, एवढाच फरक.

उचलीचा मुद्दा तर साफ खोटा. बाकी वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे, हात उगारायचा अधिकार कुणालाच नाही. उलट आगाऊ पैशाच्या नावाखाली माणसाला जबरदस्तीने कामाला जुंपून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. उचल हे मुकादमाचं संरक्षण नसून सरकारी वकिलाच्या हातातला खुनामागच्या हेतूचा पुरावा आहे.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तरी आरोपी जामिनाला पात्र ठरतो. खटला त्यानंतरही चालतो.

आता साक्षीदार. आपल्याकडच्या खटल्यांचं खरं दुखणं इथे आहे, आणि हा मजकूर नेमकं तेच लपवतो. मारहाण पाहणारे टोळीतलेच असतात. घटना सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडात घडलेली, म्हणजे खटलाही सहसा तिकडेच. साक्षीची तारीख लागते तेव्हा साक्षीदार दुसऱ्याच कारखान्यावर असतो आणि समन्स गावातल्या बंद घरावरून परत जातं. तो फितूर झालेला नसतो, त्याला कुणी शोधलेलंच नसतं. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत तपास अधिकाऱ्याकडे प्रत्येक साक्षीदाराचा मोबाइल नंबर आणि गावातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायचा आग्रह धरा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात, व्हिडिओवरून साक्ष घेण्याची तरतूद आहे, सरकारी वकिलामार्फत ती मागा. साक्षीदाराला प्रवासाचा भत्ता मिळू शकतो, तो मागायला लाजू नका. धमकी येत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. आणि एखादा खरोखर फिरलाच, तरी त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकतं. शवविच्छेदनाचा अहवाल, जप्त केलेलं हत्यार, फोनच्या नोंदी त्याच्यासोबत फिरत नाहीत.

राहिली तडजोड. खुनाचा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही. खटला सरकार चालवतं. मयताच्या बायकोने बाँडवर सही केली म्हणून तो बंद होत नाही. त्या सहीने एवढंच होतं की उद्या ती साक्षीला उभी राहिल्यावर आरोपीचा वकील तोच कागद तिच्यापुढे धरतो.

घरात पैशाची नड असते, ती खोटी नाही. त्यासाठी मुकादमाच्या दारात जायची गरज नाही. पीडित भरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, तातडीची अंतरिम मदतही मागता येते, आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला, तर उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क वारसांना आहे. भरपाईच्या अर्जासोबत एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लावा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.