खरखर आली की स्प्रे मारा? थांबा जरा

'बंद पडलेला व्हॉल्व्ह रिसीव्हर (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा जुना रेडिओ) दहा मिनिटांत जिवंत करा' हा मेसेज महिनाभर नागपूरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. चौथ्याने तर खाली विचारलंही, "काका, करून पाहू का?" कृती अशी: बँडस्विचवर (मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह असे पट्टे बदलणाऱ्या स्विचवर) डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, काळे काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासा, खरखर राहिलीच तर व्हॉल्यूम कंट्रोल बदला आणि सेट थेट मेनला लावून अर्धा तास तापू द्या, कंडेन्सर आपोआप सुधारतात.

नको करू, बाबा.

स्प्रे मारल्याबरोबर खरखर जाते हे खरं, आणि माणूस फसतो तो तिथेच. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. १९५३ साली हे रसायन पाणी हटवून गंज रोखायला बनवलं गेलं. (काँटॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा डबा मिळतो, त्याच्याशी माझं भांडण नाही.) मागे उरतं ते तेल. जुन्या बँडस्विचच्या चकत्या बऱ्याचदा फिनॉलिक, म्हणजे राळेत दाबलेल्या कागदाच्या. कापलेल्या कडांतून तेल आत मुरतं, वर धूळ चिकटते, आणि आपल्याकडे चार महिने कूलरची दमट हवा खोलीत खेळत असते. मग दोन काँटॅक्टमध्ये विजेला नको ती वाट मिळते. माझ्याकडे आलेल्या एका सेटच्या चकतीवर बोट ठेवलं तर वर काळा चिकट ठसा उमटला, तळलेल्या भज्यांच्या कागदासारखा.

त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. साध्या बाँड पेपरची चार मिलिमीटर पट्टी कापून त्यात भिजवा, काँटॅक्टच्या दोन पात्यांमध्ये अलगद सरकवा आणि ओढून घ्या. पट्टीवर काळी रेघ येते. रेघ यायची थांबली की काम झालं. मग नॉब वीसेक वेळा फिरवा.

पॉलिश पेपरचं तर नावच काढू नका. तो काळेपणा चांदीच्या मुलाम्यावरचा, पैंजणावर चढतो तोच. स्विच फिरताना पातं तो थर बराचसा पुसून काढतं. घासून मुलामाच गेला तर खालचं पितळ उघडं पडतं, आणि तो स्विच आता मिळणार कुठे?

व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना खरखर झाली म्हणजे कार्बनची पट्टी झिजलीच, असं नाही. त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (आवाजाचा सिग्नल पुढे सोडून डीसी व्होल्टेज अडवणारा) लीक झाला तर कंट्रोलवर डीसी येते, आणि मग कोरा करकरीत कंट्रोलही खरखरतो. आधी मीटर लावा.

शेवटच्या मुद्द्यात चिमूटभर तथ्य आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा पातळ थर वर्षानुवर्षे पडून विरतो आणि हळूहळू व्होल्टेज चढवलं तर पुन्हा धरतोही. पण हळूहळू! एकदम २३० व्होल्ट दिले तर कंडेन्सर तापतो, कधी फुटतो, जाताना रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) नि ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कागदी कंडेन्सर तर सुधारतच नाहीत. आपल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर सिरीज बोर्ड, म्हणजे सेटची वीज आधी बल्बमधून नेणारा बोर्ड असतो तो यासाठीच: ६० वॅटचा पिवळा बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर प्लग काढा. आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. रेझिस्टरने उतरवल्याशिवाय हात घालू नका.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच: बिघाड शोधायचा कसा? एकच बँड मुका असेल तर तिथला काँटॅक्ट किंवा कॉइल पाहा. सगळेच मुके असतील तर स्विचमागे लागू नका.

चौथा त्याचा सेट घेऊन रविवारी आला. आवाज फाटका, मधूनच खरखर. मीडियम वेव्हवर, नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झवर काटा आणला आणि शेजारी ट्रान्झिस्टर ठेवला. सेटची आयएफ (आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) ४५५, म्हणजे सेटमधला लहरी निर्माण करणारा ऑसिलेटर ५८५ अधिक ४५५, १०४० वर हवा. ट्रान्झिस्टर १०४० वर नेताच त्याची सळसळ दबली, म्हणजे ऑसिलेटर चालू. इथवर स्विच निर्दोष. मग आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकरला आवाज देणारा) उपसून ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल आत येतो त्या पिनेच्या जागी मीटर लावला. शून्य हवं तिथे अकरा व्होल्ट. तिथला मेणाचा कागदी कपलिंग कंडेन्सर लीक होता; तो बदलला, आवाज स्वच्छ झाला.

स्प्रेचा डबा त्याने विकत आणलाच होता. आमच्या फाटकाची बिजागरी आता कुरकुरत नाही.